भाऊ असून चंद्राला

आमचं घर गावात ओळखलं जायचं ते त्या घरात न राहणाऱ्या बाईमुळे. धायरी तेव्हा पुण्यात धड सामील झालेली नव्हती आणि धड गावही उरलेली नव्हती. पत्ता विचारत कुणी आलं, की पिठाच्या गिरणीवरची माणसं माझ्या वडिलांचं, म्हणजे आप्पांचं, नाव काढायची नाहीत. "ती सही न करणारी बाई न्हाय का, तिच्या भावाचं घर. सरळ जावा, डाव्या हाताला." आप्पांनी कारखान्यात मान खाली घालून नोकरी केली, सकाळ-संध्याकाळ शेत बघितलं, कुणाच्या अध्यात ना मध्यात, आणि एवढं करून ओळख उरली काय, तर बहिणीचा भाऊ. याचा त्यांना मनापासून संताप यायचा.

ती बाई माझी आत्या, आप्पांची पाठची बहीण. लग्न होऊन ती सदाशिव पेठेत दोन खोल्यांत गेली. तिचे यजमान, आमचे आतोबा, छापखान्यात होते. दिवसभर तिथं इतके शब्द जुळवायचे, की घरी बोलायला त्यांच्याकडे शब्द उरायचे नाहीत. आत्या मग दोघांच्या वाटचं बोलायची. तिनं घरातच खानावळ काढली होती. कॉम्प्युटरचे क्लास, स्पर्धा परीक्षांचे क्लास असं करत गावोगावची पोरं-पोरी पेठेत यायला लागली होती, त्यांच्या जेवणाचं ती बघायची. तिच्या दोन भाषा होत्या. पेठेत ती "आपण बसून घ्या, आमटी निवते आहे" असं बोलायची, आणि चिडली की एका दमात धायरीला यायची, "आरं, गप गिळ की." मला दोन्ही आवडायच्या, पण दुसरी जास्त खरी वाटायची.

पुढे वर्तमानपत्रांनी तिच्या नावामागे 'वादग्रस्त' हा शब्द लावला. तो तिला फारच आवडला. "नुसती सुगरण म्हणून कुणी छापलं असतं का मला?" असं ती विचारायची.

झालं होतं असं. आजोबा गेले तेव्हा जमिनीच्या सात-बाऱ्यावर आप्पांच्या जोडीला दोन्ही बहिणींची नावं वारस म्हणून लागली, थोरल्या आत्याचं आणि हिचं. कायद्यानं ती लागतातच. लागली की मग काढायची, ही आमच्याकडची रीत. बहिणीनं 'मला माझा हिस्सा नको' असं लिहून द्यायचं, त्याला हक्कसोड म्हणतात. जमिनीला भाव नव्हता तोवर कुणाला घाई नव्हती. मग बायपास झाला, हिंजवडीला काचेच्या इमारती उठल्या, बिल्डर लोक बांधाबांधानं गाड्या घालायला लागले, आणि गावातल्या समस्त भावांना एकदम बहिणींची आठवण यायला लागली.

या कामाचा हंगाम दिवाळीचा. बहिणी भाऊबीजेला माहेरी यायच्या. ओवाळणीत जरा भारीतली साडी घालायची, पुरणपोळी करायची, दोन दिवस प्रेमानं ठेवून घ्यायचं आणि सरकारी कचेरी उघडली की जीपमधून नेऊन सही घ्यायची. दिवाळीनंतर नोंदणी कचेरीचं आवार नव्या साड्यांनी भरून जायचं. साड्यांवरच्या घड्यांच्या रेषाही गेलेल्या नसायच्या. बायका एकमेकींना पदर दाखवायच्या, रंगाची चर्चा करायच्या आणि आत जाऊन सही नाहीतर अंगठा करून यायच्या. कुणाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं. सही केली की माहेर राहतं आणि नाही केली की जातं, हे सगळ्यांना पाठ होतं.

आमच्या आत्यांची वेळ आली तेव्हा मी शाळेत होते. जीपमध्ये मी घुसले ती निव्वळ वाटेतल्या मिसळीसाठी. आप्पा त्या दिवशी इतके खुशीत होते, की त्यांनी मला दुसरा पाव न मागता दिला. थोरल्या आत्यानं अंजिरी साडी नेसली होती, आमच्या आत्यानं मोरपंखी. कचेरीत एक साहेब बसले होते. समोरच्या कागदावरून नजर न उचलता ते प्रत्येकीला विचारायचे, "राजीखुशीनं करताय ना?" बाई "हो" म्हणायची आणि पुढची पुढे सरकायची. थोरली आत्या "हो, हो" म्हणाली, एकदा विचारलं तर दोनदा. मग आमची आत्या पुढे झाली.

"राजीखुशीनं करताय ना?"

"नाही," आत्या म्हणाली.

साहेबांनी सकाळपासून पहिल्यांदाच मान वर केली असावी. "म्हणजे? दबाव आहे का कुणाचा?"

"दबाव नाही. खुशी नाही. तुम्ही विचारलंत म्हणून सांगितलं. आजवर कुणी विचारलंच नव्हतं."

"अहो बाई, मग इथं आलात कशाला?"

"भावानं चल म्हटलं, मिसळ खाऊ घातली, आले. बहीण आहे मी त्याची."

मागच्या रांगेत एक बाई फिस्सकन हसली आणि तिच्या भावानं तिच्याकडे असं बघितलं, की तिनं पदर तोंडात कोंबला. आप्पांचा चेहरा मला अजून आठवतो. रागापेक्षा त्यात गोंधळच जास्त होता. बाहेर आल्यावर मात्र त्यांना सगळं सुचलं.

"लग्नात दिलं न्हाय का तुला?" ते म्हणाले.

"लग्नात दिलं ते सासरच्यांनी मोजून घेतलं. मला काय दिलंस, दादा, ते सांग."

"माहेर दिलं. ते आजपास्नं बंद. माझ्या दारात पाय ठेवायचा न्हाय."

"दारात न्हाय ठेवत. अंगणात ठेवीन. सात-बाऱ्यावर माझं बी नाव हाय."

ती हे ठसक्यात म्हणाली, पण तिची हनुवटी थरथरत होती. मी शेजारीच होते, मला दिसली. पुढे तिच्याबद्दल कुणी काहीही म्हणो, त्या दिवशी मला जे कळलं ते कधी बदललं नाही. तिला जमीन हवी होती, आणि भाऊ तर जमिनीहून जास्त हवा होता. दोन्हींतलं एकच उचल, असं तिला सांगणाऱ्या जगाचा तिला राग आला होता, आणि ती त्यातलं एकही सोडायला तयार नव्हती. आम्ही जीपमधून घरी आलो. ती बसनं पेठेत गेली.

एवढ्यावर थांबली असती तर ती आमच्या भावकीपुरती वादग्रस्त राहिली असती. पण खानावळीची भाजी घ्यायला ती रोज सकाळी मंडईत जायची, आणि तिथं गाळ्यांबाहेर पाट्या मांडून बसणाऱ्या बायका बऱ्याचशा आमच्याच अंगाच्या गावांतल्या. म्हणजे कुणाच्या ना कुणाच्या बहिणी. खानावळीत जेवणाऱ्या, वकिलीचा अभ्यास करणाऱ्या एका मुलीनं आत्याला कायदा समजावून सांगितला होता. आत्यानं तो मेथीच्या जुडीएवढा आटोपशीर केला आणि वाटायला सुरुवात केली. "भाऊबीजेला जाणार ना? जा. ओवाळ. पोटभर जेव. कचेरीत जायची वेळ आली की पोटात दुखतंय म्हण."

पुढच्या दिवाळीनंतर आमच्या पंचक्रोशीतल्या कितीतरी बहिणींच्या पोटात एकाच दिवशी दुखायला लागलं. डॉक्टरांना आधी चकलीच्या तेलाचा संशय आला. मग भावांना आत्याचा आला. धायरीच्या देवळात बैठक बसली. "बाई घरं फोडतीय," असं एकमतानं ठरलं. मला वर्गातल्या एका मैत्रिणीनं डबा खायला जवळ घेणं बंद केलं, कारण तिच्या आत्याच्याही पोटात दुखलं होतं. मी आठवडाभर एकटीनं डबा खाल्ला आणि आत्यावर जळफळले. न्याय वगैरे ठीक आहे, पण मधल्या सुट्टीत त्याचा काही उपयोग होत नाही.

आईचा राग त्याहून मोठा होता. आईनं तिच्या माहेरी केव्हाच सही दिली होती. तिचं माहेर सिंहगडाच्या पायथ्याला, भाऊ सधन. "मी दिली की सही," ती म्हणायची. "माझं माहेर शाबूत हाय." हे वाक्य ती महिन्यातून एकदा तरी म्हणायची, कुणी विचारलेलं नसताना.

पेठेत मात्र आत्याचं कौतुक झालं. तिचे घरमालक निवृत्त प्राध्यापक होते. त्यांनी आत्याच्या बाजूनं वर्तमानपत्रात पत्र लिहिलं, त्यात 'ग्रामीण भागातील मागास मानसिकता' असं काहीतरी होतं. आत्यानं पत्र वाचलं आणि विचारलं, "आपल्याला बहिणी किती?"

"दोघी."

"ह्या घरावर त्यांची नावं आहेत?"

प्राध्यापकांनी चष्मा पुसला. "आमच्याकडे तसं नसतं हो. आम्ही समजुतीनं घेतलं. श्रीखंडाचा बेत केला होता, हसतखेळत सह्या झाल्या."

"आमच्याकडं पुरणपोळी असते," आत्या म्हणाली. "तेवढाच फरक." दुसऱ्या महिन्यात त्यांनी भाडं वाढवलं.

आता भाऊबीजेचं सांगते. कचेरीतल्या त्या नकारानंतरची पहिली भाऊबीज. आप्पांनी बजावलं होतं, तिला निरोप जाणार नाही. थोरली आत्या येऊन ओवाळून गेली होती. दिवस मावळायच्या सुमाराला फाटक वाजलं. आत्या अंगणात उभी होती, हातात ताट. ताटात निरांजन, कुंकू, अक्षता, सुपारी, सगळं जिथल्या तिथं. मोरपंखी साडी नेसली होती, तीच.

"दादा आहे का घरात?" तिनं मोठ्यानं विचारलं.

आप्पा आत दिवाळीचा कार्यक्रम बघत बसले होते. ते आईला म्हणाले, "सांग, न्हाय म्हनावं." आई दारात जाऊन म्हणाली, "घरात न्हाईत." तिच्या पायाशीच आप्पांच्या चपला होत्या आणि आत आप्पा खोकले.

"न्हाई तर न्हाई," आत्या म्हणाली. तिनं निरांजन पेटवलं, सिंहगडाच्या दिशेला तोंड केलं आणि नुकत्याच दिसायला लागलेल्या, नखाएवढ्या चंद्राला ओवाळलं.

याचा अर्थ आम्हाला आणि फाटकाच्या आवाजानं डोकावलेल्या शेजाऱ्यांना लगेच कळला. चंद्राला ओवाळतात त्या भाऊ नसलेल्या बायका. कुणाचा भाऊ झालेलाच नसतो, कुणाचा देवाघरी गेलेला असतो, त्या चंद्राला भाऊ मानतात. धडधाकट भाऊ घरात बसून फरसाण खात असताना त्याच्याच अंगणातून चंद्राला ओवाळायचं, असं आमच्या गावानं बघितलं नव्हतं. शेजारची म्हातारी "अगं बया" म्हणून खाली बसली. आप्पा त्या दिवशी जेवले नाहीत. "मी जिवंत हाय ना?" असं त्यांनी आईला विचारलं. आई म्हणाली, "तुम्हीच सांगायला लावलं, घरात न्हाय म्हनून."

मग दर वर्षी हेच. आत्या यायची, विचारायची, आप्पा घरात नसायचे, ती चंद्राला ओवाळायची आणि शेवटच्या बसच्या आधी पेठेत परत जायची. दुजेचा चंद्र फार वेळ थांबत नाही, त्यामुळे तिची बस कधी चुकली नाही. हळूहळू आमच्या कुंपणाशी लोक जमायला लागले. कुणी पोरं खांद्यावर घेऊन यायचं. एकदा ढग आले होते, तर आत्या ताट घेऊन तशीच उभी राहिली आणि ढगांकडे बघून म्हणाली, "ये बाबा, तुझ्याकडं काय सात-बारा मागत नाही मी." कुंपणावरची माणसं हसली. आत आप्पांनी टीव्हीचा आवाज वाढवला.

आणि मग मंडईतल्या बायकांनी ते उचललं. पोटदुखीपेक्षा हे सोपं होतं आणि जास्त झोंबत होतं. ज्या ज्या बहिणीला सही न केल्यामुळे दार बंद झालं, ती भावाच्या अंगणात जाऊन चंद्राला ओवाळायला लागली. वर्तमानपत्रात फोटो आला. मग जो धुरळा उठला, त्याला तोड नव्हती. एका वक्त्यांनी व्याख्यानात ही धर्माची टिंगल असल्याचं सांगितलं. लगेच दुसऱ्या बाजूनं काही सुशिक्षित भगिनी पेठेतल्या खोलीत आत्याला भेटायला आल्या. त्यांचं म्हणणं, हिस्सा मागता ते उत्तम, पण ओवाळणं ही गुलामी आहे, ते आधी सोडा. मी तेव्हा कॉलेजात होते आणि आत्याकडेच जेवायला असायचे, त्यामुळे हे मी कानांनी ऐकलं.

आत्यानं त्यांना चहा दिला. "म्हणजे तिकडचे म्हणतात, भाऊ पाहिजे तर हिस्सा सोड. आणि तुम्ही म्हणता, हिस्सा पाहिजे तर भाऊ सोड."

"तसं नाही हो..."

"तसंच आहे. मला दोन्ही पाहिजे. पुरुषांना दोन्ही मिळतंच की, कुणी त्यांना विचारतं का, बाबा बहीण पाहिजे का जमीन?"

त्या भगिनी नाराज होऊन गेल्या. म्हणजे दोन्हीकडून शिव्या खाण्याची सोय आत्यानं स्वतःच करून घेतली होती. त्या गेल्यावर आत्या बराच वेळ भांडी आदळत होती. मी म्हटलं, "कशाला सगळ्यांशी भांडतेस?" तर म्हणाली, "मी कुठं भांडते? मी फक्त नाही म्हणते. भांडण त्यांच्याकडनं सुरू होतं."

मी इंजिनीअर झाले आणि हिंजवडीला नोकरीला लागले. गळ्यात ओळखपत्र, कंपनीची बस, कँटीनमध्ये पंधरा प्रकारचे डोसे. महिला दिनाला तिथं गुलाब आणि छोटे केक वाटायचे. एका वर्षी आमच्या मॅनेजरला कुठून तरी कळलं, की ती फोटोतली बाई माझी आत्या. "तिला बोलाव ना, इन्स्पायरिंग टॉक होईल." मी हो म्हटलं. आत्या आली, माइक हातात घेतला, समोर बसलेल्या कोट-टाय आणि टी-शर्टवाल्या पोरांकडे प्रेमानं बघितलं आणि विचारलं, "तुमच्यापैकी कुणाकुणाच्या बहिणीची सही झाली आहे?" एसी चालू असून तिथं उकडायला लागलं. मागून एक जण म्हणाला, "आंटी, इट्स कॉम्प्लिकेटेड." आत्या म्हणाली, "सही करायला तर एकच मिनिट लागतं, बाळ." एच.आर.च्या बाईंनी घाईघाईनं केक वाटायला घेतले. त्यानंतर आम्हाला महिला दिनाला ध्यानधारणा शिकवायला लागले.

मधल्या काळात आमच्या भोवतीची शेतं संपली. ज्यांच्या बहिणींनी सह्या केल्या त्यांनी लवकर विकलं, आणि आमची जमीन मात्र आत्याच्या नावापायी तशीच पडून राहिली. तिच्या सहीवाचून व्यवहार होईना आणि वाटप करायला आप्पा तयार होईनात. बिल्डर पेढे घेऊन यायचा आणि तेच पेढे खाऊन परत जायचा. आप्पा निवृत्त झाले. बहिणीचा विषय निघाला की ते अजून उठून जायचे, पण भाऊबीजेच्या दिवशी संध्याकाळी ते कधीच घराबाहेर पडायचे नाहीत, हे माझ्या फार उशिरा लक्षात आलं. खरंच घरात नसायचं असतं तर गिरणीपर्यंत गेलं तरी चाललं असतं.

आईच्या माहेरी काय झालं ते सांगायलाच हवं. तिच्या भावांनीही जमीन विकली, बंगला बांधला. त्या वर्षी भाऊबीजेला मी तिला स्कूटीवर मागे बसवून घेऊन गेले. तिच्या मांडीवर ओवाळायचं ताट आणि करंज्यांचा डबा. बंगल्याला कुलूप. शेजारीण बाहेर आली. "गोव्याला गेलीत की सगळी, नव्या गाडीतनं. तुम्हाला फोन न्हाय व्हय केला?"

"केला असंल, मीच उचलला नसंल," आई म्हणाली. दिवसभर फोन तिच्या हातात होता. मला त्या मामांचा इतका राग आला, की येताना मी गाडी वेडीवाकडी हाणली. आई एवढंच म्हणाली, "हळू चालव, करंज्या मोडतील."

घरी पोचलो तर अंगणात आत्या उभी, कुंपणाशी नेहमीची माणसं, आणि सिंहगडाच्या अंगाला चंद्र. आई गाडीवरून उतरली. वर्षानुवर्षं जिला ती 'तुझी आत्या' असं माझ्यावर ढकलून बोलत आली होती, तिच्या शेजारी जाऊन उभी राहिली. आपलं ताट काढलं, निरांजन ठेवलं.

"वन्सं, काडेपेटी हाय का?"

आत्यानं काडेपेटी दिली. काही बोलली नाही. माझ्या आठवणीत ती न बोलल्याची ही एकच वेळ. दोघींनी शेजारी उभं राहून चंद्राला ओवाळलं. आतला टीव्ही बंद झाला.

आई घरात आली तेव्हा आप्पांनी विचारलं, "भाऊ नव्हते का घरी?"

"चंद्र होता," आई म्हणाली आणि करंज्या डब्यातून काढायला लागली.

पुढच्या दिवाळीला मी रजा टाकून घरी होते. आत्या संध्याकाळी आली. तिचे गुडघे आता दुखायचे, रिक्षातून उतरताना तिनं माझा हात धरला. तिनं ताट सावरलं, आप्पांची चौकशी केली, आईनं सवयीनं "न्हाईत" म्हटलं, आणि आत्या निरांजन पेटवून चंद्राकडे वळली. तर चंद्र नव्हता. त्या बाजूच्या शेतात वर्षभरात बारा मजली इमारत उभी राहिली होती, तिनं सिंहगडापासूनचं सगळं आभाळ खाल्लं होतं. आत्या अंगणाच्या या टोकाला गेली, त्या टोकाला गेली. कुंपणावरून सल्ले यायला लागले. "देवळामागनं दिसतोय." "टाकीवर चढलं तर दिसंल." "लवकर करा, बुडायला आलाय." आत्या ताट घेऊन मध्येच उभी होती. इतक्या वर्षांत ती मला कधी म्हातारी वाटली नव्हती, त्या क्षणी वाटली.

आई दारात आली. "वन्सं, गच्चीवरनं दिसंल. या वर."

गच्चीचा जिना आमच्या घरातून होता. आत्यानं उंबऱ्याकडे बघितलं. "दादानं दारात पाय ठेवायला मनाई केलीय, वहिनी."

"दार माझं बी हाय," आई म्हणाली. "या."

आत्या आत आली. मी मागे. बाहेरच्या खोलीत आप्पा खुर्चीवर बसले होते, अर्थातच घरात. वर पंखा गरगरत होता. आत्याच्या ताटातली वात पंख्याच्या वाऱ्यानं वाकडी झाली, विझायला आली. आत्यानं हाताचा आडोसा केला. आप्पा उठले आणि त्यांनी पंख्याचं बटण बंद केलं.

पंखा थांबायला वेळ लागतो. तो थांबेपर्यंत आत्या तिथंच उभी होती. मग ती जिन्याकडे निघाली.

"गुडघं बघ तुझं," आप्पा म्हणाले. "जिना चढणार हाईस व्हय?"

"मग काय करू? चंद्र काय खाली येतोय?"

आप्पांनी भिंतीला टेकवलेला पाट ओढला आणि त्यावर बसले. डोक्यावर टोपी हवी म्हणून इकडे तिकडे चाचपडले, ती सापडेना, तेव्हा आईनं त्यांच्याच खांद्यावरचा टॉवेल त्यांच्या डोक्यावर टाकला.

आत्या जागची हलली नाही. "सही करणार न्हाई मी, दादा."

"ठावं हाय."

"हिस्सा बी सोडणार न्हाई."

"ठावं हाय म्हटलं की. मोजणीवाल्याला सांगून आलोय परवा. वात विझंल, ओवाळ."

वाटप पुढे रीतसर झालं, आत्याचा हिस्सा वेगळा मोजला गेला, त्यावरून वर्तमानपत्रात परत चार दिवस वाद झाला. त्या संध्याकाळी मात्र आत्या गुडघे वाकवून कशीबशी आप्पांसमोर बसली. तिनं त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं, अक्षता टेकवल्या, सुपारी फिरवली. मग ताट दोन्ही हातांनी उचललं आणि ओवाळायला घेतलं, तर तिचे हात आपोआप वर गेले, आप्पांच्या डोक्याच्याही वर, आणि ताट तिथंच, रिकाम्या हवेत, गोल फिरायला लागलं. तिच्या ते ध्यानातच आलं नाही. इतकी वर्षं ती वरच ओवाळत आली होती.

आप्पांनी हात लांब करून तिचं मनगट धरलं आणि हळूच खाली आणलं.

"खाली, बाय," ते म्हणाले. "मी हितं हाय."